विषाणूला जात नसते म्हणता, मग तक्त्यातून आम्ही गायब का?

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रात एक ठरलेली बातमी येते. फ्लूचे रुग्ण वाढले, घाबरण्याचे कारण नाही, परिस्थिती नियंत्रणात. खाली एक छोटा तक्ता असतो. इतके बाधित, इतके दाखल, इतके मृत्यू. मी ज्या वस्तीत काम करते तिथं त्याच आठवड्यात घरटी एक माणूस तापाने फणफणत असतो. त्या तक्त्यात आमची वस्ती कुठं आहे, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका मावशींना ताप आला. पहिल्या दिवशी त्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. "ताई, दोन दिवस खाडा झाला की मॅडम दुसरी बाई बघतात," हे त्यांचं उत्तर. चौथ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरकडे सुई घेतली. सहाव्या दिवशी धाप लागली तेव्हा आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. खाट मिळेपर्यंत रात्र झाली. मावशी वाचल्या, घरी आल्या. मी डिस्चार्ज कार्ड बघितलं. ताप आणि श्वसनाचा त्रास, एवढंच लिहिलं होतं. घशातल्या स्रावाचा नमुना घेतलाच नव्हता. दरम्यान घरातली दोन मुलं, सून आणि म्हातारी सासू, सगळे आजारी पडून उठले होते. एका खोलीत पाच जणांना ताप, आणि सरकारच्या हिशेबात फ्लूचे रुग्ण शून्य.

मित्रांनो, हा एखाद्या डॉक्टरच्या चुकीचा किस्सा म्हणून मी सांगत नाही. मोजणीची रीतच अशी आहे की आपली माणसं तिच्यातून गळतात. म्हणून आधी ही रीत समजून घेऊ. समजून न घेता नुसती व्यवस्थेला शिवी देणं सोपं असतं, पण त्याने काही बदलत नाही.

फ्लू मोजतात कसा?

जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ साली फ्लूवर नजर ठेवणारं एक जागतिक जाळं उभं केलं. आज शंभराहून अधिक देशांतल्या प्रयोगशाळा त्यात आहेत. त्याच १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. तेच आजचं राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. देशोदेशीच्या प्रयोगशाळा आपल्याकडच्या विषाणूची माहिती या जाळ्यात पाठवतात. त्यावरून वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरतं. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून ही कसरत दरवर्षी करावी लागते.

प्रत्येक तापकऱ्याची तपासणी करणं कुठल्याच देशाला परवडत नाही. म्हणून काही ठरावीक रुग्णालयं निवडतात. तिथं येणाऱ्या रुग्णांचे दोन गट करतात. पहिला गट फ्लूसदृश आजाराचा. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. या गटाला यंत्रणेच्या भाषेत आयएलआय म्हणतात. दुसरा गट सारीचा, म्हणजे तीव्र श्वसनविकाराचा. त्यात अशीच लक्षणं असतात, पण रुग्ण दाखल करण्याइतका गंभीर असतो. या दोन्ही गटांतल्या काही जणांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. शंभर नमुन्यांत फ्लू किती निघाला, कोणत्या प्रकारचा निघाला, मागच्या आठवड्यापेक्षा वाढला की घटला, यावरून साथीचा अंदाज बांधतात.

भारतात याला जोडून २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. आरोग्य सेविका लक्षणांवरून 'एस' फॉर्म भरते, डॉक्टर 'पी' फॉर्म भरतात, प्रयोगशाळा 'एल' फॉर्म भरते. २०२१ पासून ही नोंद एका ऑनलाइन पोर्टलवर होते. आपल्या देशात फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यात व त्यानंतर. हे आपल्याला कळलं तेही या मोजणीमुळेच. तेव्हा ही यंत्रणा निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. कमी पगारात, कधी कंत्राटावर राबणारे हजारो आरोग्य कर्मचारी ती चालवतात आणि त्यांतले अनेक आपल्याच समाजातले आहेत.

शीत कुठलं उचललं?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. फ्लूची मोजणी म्हणजे तेच. काही रुग्णालयं ही शितं आणि सगळा समाज हे पातेलं. पण शीत नेहमी वरूनच उचललं, तर तळाला भात करपलाय हे कळणार कसं?

नमुना द्यायला माणूस आधी निवडलेल्या रुग्णालयात पोहोचावा लागतो. अशी केंद्रं मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयं आणि मोठी रुग्णालयं असतात. तिथवर जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. आजार सुरू होऊन १० दिवस उलटून गेल्यावर पोहोचलेला रुग्ण व्याख्येतच बसत नाही. गोळ्या घेऊन ताप उतरवून आलेल्या माणसाचा ताप त्या क्षणी ३८ अंश भरत नाही. शिवाय स्वाइन फ्लूच्या रुग्णांसाठी केंद्र सरकारने अ, ब, क असे वर्ग केलेत. 'अ' आणि 'ब' वर्गाला चाचणीची गरज नाही. चाचणी फक्त 'क' वर्गाची, म्हणजे धाप लागलेल्या, छातीत दुखणाऱ्या, दाखल करण्याची वेळ आलेल्या रुग्णांची. प्रयोगशाळेवरचा ताण बघता यात तर्क आहे, मी तो नाकारत नाही. पण 'क' वर्गात नोंद होण्यासाठी रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचावं लागतं, हेही लक्षात घ्या.

एक साधं गणित बघा. २०१५ साली देशात स्वाइन फ्लूचे ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. म्हणजे शंभर रुग्णांमागे सात मृत्यू. हंगामी फ्लू असा शंभरातले सात मारत नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. मग हा आकडा आला कुठून? आजारी माणसं मोजलीच गेली नाहीत, फक्त अत्यवस्थ झालेली मोजली गेली, म्हणून. आणि मृत्यू तरी सगळे मोजले का? २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीची माणसं कशाने गेली, ते त्यांच्या घरच्यांच्या आठवणीत आहे, सरकारच्या दप्तरात नाही.

ही गळती जगभर आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या महासाथीत प्रयोगशाळेने सिद्ध केलेले मृत्यू जगात सुमारे १८,५०० होते. २०१२ साली संशोधकांनी शास्त्रीय अंदाज मांडला, तो होता सुमारे २,८४,५०० मृत्यूंचा. म्हणजे पंधरा पट. आणि यातले निम्म्याहून अधिक मृत्यू आग्नेय आशियात आणि आफ्रिकेत झाले असावेत, असं त्यांनी म्हटलं. जिथं प्रयोगशाळा कमी, तिथं मरण जास्त आणि नोंद कमी. देशादेशांत जे खरं आहे, ते एकाच शहरातल्या दोन वॉर्डांत खरं नसेल का?

१९१८ च्या तक्त्यात आपण होतो

आता इतिहासातलं एक पान उघडू. जून १९१८ मध्ये फ्लूची महासाथ मुंबईत गोदीच्या वाटेने शिरली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली आणि तिने शहर हादरवलं. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात त्या साथीने सव्वा कोटीहून अधिक बळी घेतले, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

तेव्हाच्या मुंबईच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची नोंद समाजवार ठेवली होती. इतिहासकार आय. डी. मिल्स यांनी १९८६ च्या आपल्या लेखात ते आकडे पुढे आणले. मुंबईत दर हजारी मृत्यू असे होते. युरोपियन ८.३. पारशी ९. भारतीय ख्रिश्चन १८.४. मुसलमान १९.२. इतर हिंदू १८.९. आणि ज्यांना त्या तक्त्यात 'लो कास्ट हिंदू' म्हटलं होतं, ते ६१.६.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. सवर्णांच्या तिप्पट आणि गोऱ्यांच्या सातपट. ते कोण होते? गिरण्यांत, गोदीत, सफाईच्या कामात राबणारी, दहा बाय दहाच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारी आपलीच माणसं. ब्रिटिशांना आपला पुळका होता म्हणून त्यांनी ही मोजणी केली नाही. त्यांना राज्य चालवायचं होतं. पण रकाना होता, म्हणून १०० वर्षांनंतरही आपण पुराव्यानिशी म्हणू शकतो की त्या साथीने जात बघून बळी घेतले.

आज स्वतंत्र भारतात, संविधानाच्या राज्यात, फ्लूचा जो तक्ता जाहीर होतो तो राज्यवार असतो. रुग्ण किती, मृत्यू किती. फार तर वय आणि लिंग. जात नाही, वस्ती नाही, काम नाही. २०१५ च्या त्या २,९९० मृतांत अनुसूचित जातीचे किती, आदिवासी किती, भटके-विमुक्त किती, झोपडपट्टीत राहणारे किती? या तक्त्यातून उत्तर मिळत नाही. १९१८ साली मेलेल्या आपल्या पणजोबांचा हिशेब उपलब्ध आहे, आपल्या आईबापांचा नाही.

"विषाणूला कुठं जात असते?"

हा मुद्दा मी एका बैठकीत मांडला तेव्हा एक डॉक्टर मित्र हसून म्हणाला, "अगं, विषाणूला कुठं जात असते? यात पण जात आणणार का तुम्ही?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याकडे तयार हवं.

विषाणूला जात नसते, मान्य. पण खोलीला असते. त्या खोलीत किती माणसं झोपतात, खिडकी आहे की नाही, याला असते. कामाला जात असते. पगारी रजा मिळणाऱ्या नोकरीत कोण आहे आणि खाडा धरणाऱ्या कामात कोण आहे, हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. गटारात उतरून ज्यांची फुप्फुसं आधीच खराब झालीत, कुपोषणाने ज्यांची प्रतिकारशक्ती खचलीय, चुलीच्या धुरात ज्यांचं आयुष्य गेलंय, त्यांच्या छातीत तोच विषाणू वेगळं काम करतो. फ्लूची लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगीत ती हजार-दोन हजारांच्या घरात जाते. ती कोण टोचून घेतं आणि कोण नाही, हेही विषाणू ठरवत नाही. विषाणू समतावादी असेल, पण तो विषमतेच्या घरात शिरतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जातवार आकडे आले तर 'हेच लोक रोग पसरवतात' असा शिक्का बसेल. ही भीती खरी आहे. २०२० साली एका समाजाला रोगाचा वाहक ठरवताना आपण पाहिलंय. पण उपाय काय? नाव, पत्ता, फोटो कधीच बाहेर जाऊ नये. दर हजारी किती दाखल झाले आणि किती गेले, एवढाच एकत्रित आकडा जाहीर व्हावा. शिक्का माणसाला ओळखण्याने बसतो, प्रमाण कळल्याने नाही. उलट, आकडा नसतो तेव्हाच अफवेला मोकळं रान मिळतं.

तिसरा आक्षेप, 'हे शक्यच नाही.' का नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जात विचारतात. म्हणून तर बालमृत्यू आणि रक्तक्षय यांतली जातवार तफावत आपण मांडू शकतो. अमेरिकेत फ्लूने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची नोंद वंशवार ठेवतात. तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०२२ साली स्वतःच जाहीर केलं की २००९ पासूनच्या हंगामांत कृष्णवर्णीय प्रौढांचं दाखल होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जवळपास ८० टक्क्यांनी जास्त होतं. अमेरिकेत वंशवाद संपला असा याचा अर्थ नाही. पण तिथला कार्यकर्ता सरकारचाच आकडा सरकारच्या तोंडावर फेकू शकतो. आपण फक्त 'आमच्यावर अन्याय होतो' एवढंच म्हणू शकतो आणि समोरचा पुरावा मागतो.

मोजणी हा राजकीय प्रश्न आहे

बाबासाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं. साथीने होरपळलेल्या त्याच मुंबईत नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू आकडेवारीनिशी मांडली. पुढे १९३२ च्या लोथियन समितीपुढे सवर्ण पुढाऱ्यांनी अस्पृश्यांची संख्याच कमी करून दाखवायला सुरुवात केली. काही प्रांतांत तर अस्पृश्य जवळपास नाहीतच, असं सांगितलं गेलं. कारण उघड होतं, संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार होतं. बाबासाहेबांनी यावर निबंध लिहिला, त्याचं नाव 'फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स'. कोट्यवधींचे अपूर्णांक कसे केले जातात, त्याची ती हकीकत आहे. तेव्हा मताधिकाराच्या तक्त्यातून आपल्याला कमी केलं जात होतं. आज आरोग्याच्या तक्त्यात आपल्यासाठी रकानाच नाही. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी निधी नाही, खाट नाही, लस नाही.

तथागतांनीही पहिलं सत्य काय सांगितलं? दुःख आहे. कारण, निरोध आणि मार्ग त्यानंतर येतात. आपली व्यवस्था पहिल्याच पायरीवर अडलीय. दुःख आहे हेच तिच्या दप्तरात नाही, मग कारण कोण शोधणार?

मग आपण काय करायचं?

मागण्या नेमक्या हव्यात. एक, सारीचा रुग्ण दाखल होताना सामाजिक प्रवर्ग, काम आणि राहण्याच्या जागेचा प्रकार, हे तीन रकाने भरले जावेत. दोन, प्रत्येक महानगरपालिकेत किमान एक सर्वेक्षण केंद्र मोठ्या वस्तीतल्या नागरी आरोग्य केंद्रात असावं आणि तिथूनही नमुने जावेत. तीन, दर आठवड्याचा वॉर्डवार आकडा मराठीत, फलकावर आणि संकेतस्थळावर लागावा. चार, घरी झालेल्या मृत्यूंबाबत घरच्यांना विचारून कारण नोंदवण्याची पद्धत वस्त्यांत नीट राबवावी. पाच, ऊसतोड कामगारांची नोंद फडावर व्हावी. जानेवारी ते मार्च हा फ्लूचा जोर आणि ऊसतोडीचा हंगाम एकाच वेळी येतो. तेव्हा हा मजूर गावच्या यादीत असतो पण गावात नसतो, आणि फडावर असतो पण तिथल्या यादीत नसतो.

आणि काही गोष्टी आपल्या हातातल्या. आमच्या विहारात आम्ही एक साधी वही सुरू केलीय. दर रविवारी वंदनेनंतर दोन मुली घराघरात जाऊन विचारतात, या आठवड्यात ताप-खोकला कुणाला झाला, किती दिवस, कुठं दाखवलं, किती खाडे झाले. नाव लिहीत नाहीत, फक्त गल्ली आणि वय. निदान करणं आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण एखाद्या गल्लीत अचानक ताप वाढला की आम्ही आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना वही दाखवतो. सुरुवातीला त्यांनी दुर्लक्ष केलं. आता आशाताई स्वतःच वही मागून नेतात. माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या वॉर्डातून गेल्या तीन वर्षांत किती नमुने गेले, हे विचारायला फार खर्च येत नाही. समाजशास्त्र, सांख्यिकी, नर्सिंग शिकणारी आपली शेकडो मुलं-मुली आहेत. त्यांनी हे काम अंगावर घ्यावं.

थोडं आपल्यालाही ऐकवते. १४ एप्रिलला डीजेवर आपण किती खर्च करतो आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आरोग्य शिबिरांत राबणारे हात किती कमी असतात, हे आपण सगळे जाणतो. जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक विहारात एक थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर आणि एक वही घेतली तर मिरवणूक एका फुटानेही छोटी होणार नाही.

मावशी परत कामाला लागल्यात. मॅडमनी त्यांच्या सहा दिवसांचे पैसे कापले. तेवढी एकच नोंद त्यांच्या आजारपणाची कुठंतरी झाली, मालकिणीच्या वहीत, खाडे म्हणून. ही नोंद सरकारच्या वहीत माणूस म्हणून व्हावी, एवढीच आपली मागणी आहे, आणि ती मिळेपर्यंत आपली वही बंद होणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!